संगणकातील दप्तराचा पत्ता

ग्रामपंचायतीने काही वर्षांपूर्वी संमत केलेल्या ठरावाची, शाळेने पाठविलेल्या प्रस्तावाची अथवा तालुक्याच्या कार्यालयाने काढलेल्या आदेशाची प्रत मागण्यासाठी नागरिक येतो, तेव्हा त्या कार्यालयाच्या कारभाराची खरी परीक्षा असते. प्रत काही मिनिटांत हाती पडली, तर त्याचा शासनावरील विश्वास दृढ होतो. 'उद्या या', 'ते टंकलिखित करणारे बदलून गेले', 'मध्यंतरी संगणक बिघडला होता' अशी उत्तरे मिळाली, तर कोणाचा घरकुलाचा हप्ता, कोणाची वारसनोंद, कोणा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडून राहते. कागद न सापडणे ही कार्यालयाच्या दृष्टीने गैरसोय असेल. नागरिकाच्या दृष्टीने तो हक्काचा प्रश्न असतो.

आज शासकीय लेखनाचे बहुतेक काम संगणकावर होते. ई-ऑफिस, ई-ग्रामस्वराज यांसारख्या प्रणालींत भरलेली माहिती मध्यवर्ती ठिकाणी साठविली जाते व तिच्या जतनाची व्यवस्थाही तेथेच असते. परंतु ग्रामसभेचे इतिवृत्त, सभेची नोटीस, वरिष्ठांकडे पाठवावयाची टिपणी, खुलासा, पालकांना द्यावयाचे पत्र असे असंख्य कागद अजूनही शब्दप्रक्रियेच्या साध्या आज्ञावलीत टंकलिखित होतात आणि त्या त्या टेबलावरील संगणकातच राहतात. ते संगणकात नेमके कोठे राहतात, असे विचारले तर पुष्कळदा टंकलेखन करणाऱ्यालाही सांगता येत नाही. ही जागा आपण स्वतः ठरवून देऊ शकतो. त्यासाठी लागणारा वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आहे. पण त्यामागील विचार मात्र कार्यालयातील सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. सोलापूर जिल्ह्यातील कारभाराची काही उदाहरणे घेऊन तो येथे मांडला आहे.

जुन्या दप्तराची शिस्त

कागदाला ठरलेली जागा असावी, हे तत्त्व आपल्या प्रशासनाला नवे नाही. मुंबई इलाख्यातील महसुली हिशेबांची पद्धत अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या नियमपुस्तिकेने घालून दिली. तीत गावच्या प्रत्येक नोंदवहीला क्रमांक आहे. ज्याला शेतकरी 'सात-बारा' म्हणतो, तो गाव नमुना क्रमांक ७ आणि गाव नमुना क्रमांक १२ यांचा एकत्रित उतारा होय. म्हणजे कागदाचे नावच त्याची दप्तरातील जागा सांगते. तलाठी बदलला, गाव बदलले, तरी क्रमांक बदलत नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरातही असेच आहे. कर आकारणीची नोंदवही म्हणजे नमुना ८, हे गावातील सामान्य माणसालाही ठाऊक असते.

कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत रूढ झाली. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची कागदपत्रे असे हे सहा गठ्ठे. काम संपलेल्या प्रकरणांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करावयाचे. 'अ' वर्ग कायम जतन करावयाचा, 'ब' वर्ग ३० वर्षे, 'क' वर्ग त्याहून कमी मुदतीसाठी आणि 'ड' वर्ग थोड्याच काळाने निंदणी करून काढून टाकावयाचा. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयात अभिलेखांची अशीच फेरमांडणी करून दाखविली आणि ती 'लखिना पॅटर्न' या नावाने देशभर अभ्यासली गेली. पुढे २०१७ मध्ये पुणे विभागाचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या पुढाकाराने 'झिरो पेंडन्सी व डेली डिस्पोजल' ही मोहीम विभागातील पाचही जिल्ह्यांत राबविण्यात आली. सोलापूर हा त्यांतील एक जिल्हा. या मोहिमेत जुन्या कागदांचे वर्गीकरण व निंदणीकरण यांवर भर होता.

कपाटातील कागदांसाठी एवढी शिस्त असताना त्याच टेबलावरील संगणकात मात्र शेकडो फाइली 'डॉक्युमेंट १', 'नवीन', 'पत्र अंतिम', 'पत्र अंतिम २' अशा नावांनी विखुरलेल्या असतात. संगणकाला कपाट मानले, तर ही कपाटातील कागद जमिनीवर ओतून ठेवण्यासारखीच स्थिती आहे. फरक एवढाच, की जमिनीवरचे कागद येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात व संगणकातील दिसत नाहीत.

'पूर्वनिश्चित' म्हणजे काय?

संगणकाच्या परिभाषेत 'डिफॉल्ट' हा शब्द वारंवार येतो. वापरणाऱ्याने वेगळी सूचना दिली नाही, तर यंत्र आपण होऊन जे करील ते डिफॉल्ट. मराठीत त्याला 'पूर्वनिश्चित' म्हणता येईल.

सोलापूरच्या वाचकांना ही कल्पना मागावरून चटकन उमगेल. भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डच्या साहाय्याने विणली जाते. जोसेफ मारी जेकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. जाड पत्त्यांना भोके पाडून त्यांची माळ मागावर चढवावयाची. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे उचलला जात नाही. संगणकाच्या आरंभीच्या काळात माहिती भरण्यासाठी वापरली जाणारी छिद्रित पत्रे याच कल्पनेतून पुढे आली. आता पत्त्यांची माळ न बदलता माग सुरू केला, तर तो कालचीच नक्षी विणणार. यात मागाचा दोष नाही. दुसरी नक्षी हवी असेल, तर माळ बदलणे हे विणकराचे काम आहे. फाइल कोठे ठेवावी याविषयीची आज्ञावलीतील सूचना ही अशीच एक माळ होय. ती कंपनीने कारखान्यातून चढवून दिलेली असते. ती आपल्या कार्यालयाच्या गरजेसाठी तयार झालेली नसते.

न सांगता ठरलेली जागा

विंडोज असलेल्या संगणकावर वर्ड या आज्ञावलीत नवे पत्र लिहून ते 'सेव्ह' केले आणि जागा निवडली नाही, तर ते सामान्यतः 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरमध्ये जाते. हे फोल्डर सी ड्राइव्हमध्ये, ज्या नावाने संगणक सुरू केला त्या वापरकर्त्याच्या खात्याखाली असते. पडद्यावर समोर दिसणारा 'डेस्कटॉप' हाही त्याच खात्याखालील एक फोल्डर आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टचे खाते जोडलेले असेल, तर फाइल संगणकाऐवजी 'वनड्राइव्ह' या इंटरनेटवरील साठ्यात ठेवण्याचा पर्याय आधी पुढे येतो. या व्यवस्थेतून तीन प्रकारची हानी संभवते.

पहिली हानी दुरुस्तीच्या वेळी होते. विंडोज ही मूळ प्रणाली सी ड्राइव्हमध्येच असते. विषाणूचा शिरकाव झाला किंवा संगणक फार मंद झाला, की दुरुस्ती करणारा सी ड्राइव्ह 'फॉरमॅट' करून म्हणजे संपूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवितो. त्याबरोबर डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप या दोन्ही ठिकाणचे सर्व कागद जातात. संगणक दुसऱ्या दिवशी उत्तम चालू लागतो; मात्र पाच वर्षांची इतिवृत्ते त्यात नसतात.

दुसरी हानी बदलीच्या वेळी होते. एकाच संगणकावर दोन-तीन कर्मचाऱ्यांची वेगवेगळी खाती असतील, तर प्रत्येकाचे डॉक्युमेंट्स फोल्डर स्वतंत्र असते. जुने कर्मचारी बदलून गेले, त्यांच्या खात्याचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही, म्हणून नवे खाते उघडले गेले, की जुने कागद दिसेनासे होतात. काही वेळा जुने खाते काढून टाकताना त्यासोबत फाइलीही पुसल्या जातात.

तिसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. संगणकाला कर्मचाऱ्याचे वैयक्तिक खाते जोडलेले असेल, तर कार्यालयाची पत्रे त्याच्या खाजगी साठ्यात जमा होऊ लागतात. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. तथापि, सार्वजनिक दप्तर खाजगी खात्यात राहणे योग्य नव्हे, आणि तो कर्मचारी सेवानिवृत्त झाल्यावर ते परत मिळविणेही सोपे नसते.

जागा ठरविण्याची रीत

प्रथम संगणकात डी ड्राइव्ह किंवा प्रणाली नसलेला दुसरा भाग आहे काय, ते पाहावे. असल्यास तेथे कार्यालयाच्या नावाचे एक मुख्य फोल्डर तयार करावे. उदाहरणार्थ, 'ग्रामपंचायत दप्तर' किंवा 'शाळा दप्तर'. त्यानंतर वर्ड उघडून 'फाइल' या शब्दावर कळ दाबावी व खालच्या बाजूचा 'ऑप्शन्स' हा पर्याय घ्यावा. उघडलेल्या चौकटीत डाव्या बाजूस 'सेव्ह' असे लिहिलेले असेल. ते निवडले, की उजवीकडे 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन' ही ओळ दिसते. तिच्यासमोरील 'ब्राउझ' दाबून आपण तयार केलेले फोल्डर दाखवावे. त्याच पानावर 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट' अशी एक लहान चौकट असते. कागद इंटरनेटवर न जाता संगणकातच राहावा असे वाटत असेल, तर तेथे खूण करावी. शेवटी 'ओके' म्हणून वर्ड एकदा बंद करावे व पुन्हा उघडावे. एक चाचणीचे पत्र लिहून ते योग्य जागी गेले की नाही, हे लगेच पाहावे.

लिबरऑफिस ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली वापरणाऱ्यांनी 'टूल्स' मधून 'ऑप्शन्स' उघडावे. 'लिबरऑफिस' या शीर्षकाखाली 'पाथ्स' हा विभाग आहे. त्यातील यादीत 'माय डॉक्युमेंट्स' ही ओळ निवडून 'एडिट' दाबावे व नवे फोल्डर दाखवावे. येथे एकदा केलेला बदल पत्रलेखनाच्या आणि तक्त्यांच्या, अशा दोन्ही भागांना लागू होतो. मायक्रोसॉफ्टच्या संचात मात्र तसे नाही. वर्डमध्ये ठरविलेली जागा एक्सेलला समजत नाही. एक्सेलमध्ये त्याच 'सेव्ह' विभागात जाऊन फोल्डरचा पूर्ण पत्ता वेगळा भरावा लागतो.

याहून व्यापक उपाय हवा असेल, तर डॉक्युमेंट्स हे संपूर्ण फोल्डरच दुसरीकडे नेता येते. त्या फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', त्यात 'लोकेशन' आणि तेथे 'मूव्ह' असा क्रम आहे. असे केल्यावर संगणकातील बहुतेक सर्व आज्ञावली नवी जागा मान्य करतात.

या सोयीच्या मर्यादा

या बदलाने काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जागा बदलली म्हणून जुन्या फाइली आपोआप तिकडे जात नाहीत. त्या शोधून हलवाव्या लागतात. आधीच्या ठिकाणची एखादी फाइल उघडून तीत दुरुस्ती केली, तर ती आपल्या जुन्या जागीच राहते. एकाच बैठकीत आपण मध्येच दुसऱ्या फोल्डरमध्ये काही ठेवले, तर पुढच्या वेळी आज्ञावली तेच अलीकडचे फोल्डर पुढे करते. म्हणून 'सेव्ह' म्हणण्यापूर्वी चौकटीतील पत्ता एकदा वाचण्याची सवय लावून घ्यावी. तसेच हा बदल त्या संगणकावरील त्या वापरकर्त्यापुरताच असतो. दुसऱ्या खात्यात तो पुन्हा करावा लागतो.

पूर्वनिश्चित जागा पेनड्राइव्हवर कधीही ठरवू नये. पेनड्राइव्ह काढून घेतला, की आज्ञावलीला ती जागा सापडत नाही व कागद भलतीकडे जातो. तीच अडचण जोडणी वारंवार तुटणाऱ्या नेटवर्कवरील जागेची आहे.

वीज जाण्याच्या अनुभवामुळे 'ऑटोरिकव्हर' ही सोय पुष्कळांना परिचित आहे. वर्ड दर दहा मिनिटांनी चालू मजकुराची एक तात्पुरती प्रत काढून ठेवते व संगणक अचानक बंद पडल्यास ती परत देऊ करते. या प्रतीची जागा निराळी असते आणि ती कायमची नसते. कागद सुरक्षित झाला, असे तिच्या भरवशावर मानू नये. पत्राची पहिली ओळ लिहिताच त्याला नाव देऊन योग्य फोल्डरमध्ये ठेवावे आणि मगच पुढे लिहावे.

कप्प्यांची मांडणी

मुख्य फोल्डर ठरले, म्हणजे घराचा पत्ता ठरला. आता आतील खोल्या ठरवावयाच्या. येथे नवी पद्धत शोधण्याचे कारण नाही. कपाटात जी रचना आहे, तीच संगणकात उतरवावी. ग्रामपंचायतीच्या मुख्य फोल्डरमध्ये प्रथम आर्थिक वर्षांची फोल्डरे असावीत: २०२४-२५, २०२५-२६ याप्रमाणे. प्रत्येक वर्षात ग्रामसभा, मासिक सभा, कर व वसुली, पाणीपुरवठा, बांधकामे, घरकुले, आवक-जावक पत्रव्यवहार असे विषय असावेत. स्थायी आदेश आणि कोऱ्या नमुन्यांसाठी मात्र वर्षाबाहेर स्वतंत्र फोल्डर ठेवावे, कारण ते दरवर्षी लागतात.

वर्षांच्या फोल्डरांचा एक मोठा लाभ म्हणजे वर्गीकरण सुलभ होते. वर्ष संपल्यावर त्या एकाच फोल्डरमधील कागद पाहून कोणते कायम जतन करावयाचे व कोणते मुदतीने काढावयाचे, हे ठरविता येते. सर्व वर्षांचे कागद एकत्र असतील, तर हे काम कोणी हाती घेण्यास धजत नाही.

कप्प्यांच्या आत कप्पे फार खोल नेऊ नयेत. तीन पायऱ्या बहुधा पुरतात. फोल्डरांची व फाइलीची नावे मिळून होणारा संपूर्ण पत्ता फार लांबला, तर विंडोजमध्ये तो सुमारे २६० अक्षरांवर अडतो आणि फाइल हलविताना किंवा तिची प्रत काढताना अडथळा येतो. 'ग्रामसभेत संमत झालेल्या ठरावांची इतिवृत्ते' या ऐवजी 'ग्रामसभा' एवढे नाव पुरेसे आहे.

फाइलीच्या नावात तारीख आरंभी द्यावी व ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. '२०२५-०८-१५ ग्रामसभा इतिवृत्त' असे नाव दिले, तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभा यादीत आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला, तर १ मे ही ग्रामसभा २६ जानेवारीच्या आधी येऊन बसते. महिना व दिवस नेहमी दोन अंकी लिहावेत, आणि अंक मराठी किंवा इंग्रजी यांपैकी एकाच प्रकारचे ठेवावेत. जावक क्रमांक नावात घालावयाचा असल्यास त्यातील तिरकी रेघ वगळून आडवी रेघ वापरावी; तिरकी रेघ, विसर्गासारखे दिसणारे दोन ठिपके व प्रश्नचिन्ह ही चिन्हे विंडोज फाइलीच्या नावात स्वीकारत नाही.

मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करणे अगत्याचे आहे. जुन्या विशिष्ट टंकांत लिहिलेली पत्रे तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली, की अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता तर येतोच, शिवाय त्यातील शब्द टाकून फाइल शोधताही येते. 'पाणीपुरवठा' असे लिहून शोध घेतला आणि दहा वर्षांतील संबंधित ठराव समोर आले, ही सोय कपाटात नाही.

एक सावधगिरी मात्र सदैव बाळगावी. संगणकातील शब्दप्रक्रियेची फाइल म्हणजे स्वाक्षरी झालेला कागद नव्हे. तीत कोणीही, कधीही बदल करू शकतो. म्हणून इतिवृत्तावर स्वाक्षऱ्या झाल्यावर त्याची स्कॅन प्रत काढून ती त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. मूळ नोंदवहीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही.

पंढरीच्या वारीचा दाखला

या शिस्तीचा उपयोग कोठे होतो, याचे उत्तम उदाहरण पंढरपूर तालुक्यात दरवर्षी पाहावयास मिळते. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला लाखो भाविक येतात. पालखी मार्गांवरील व मुक्कामाच्या गावांतील ग्रामपंचायतींना पाण्याचे टँकर, तात्पुरती शौचालये, विहिरींचे शुद्धीकरण, दिवाबत्ती, आरोग्य पथकांची निवासव्यवस्था, शाळांच्या इमारती अशा अनेक बाबींचा पत्रव्यवहार थोड्या दिवसांत करावा लागतो. वारीची तिथी ठरलेली असते, कामेही पुष्कळशी तीच असतात. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो, 'गेल्या वर्षीचे पत्र काढा.'

गेल्या वर्षीचे पत्र मिळाले, तर त्यातील चुका टाळता येतात. कोठे टँकर कमी पडले, कोणत्या रस्त्यावर चिखल झाला, कोणत्या विभागाने कोणत्या तारखेला उत्तर दिले, हे सर्व त्यात असते. ते मिळाले नाही, तर दरवर्षी आरंभापासून सुरुवात करावी लागते, आणि अनुभव हा व्यक्तीजवळ राहतो, कार्यालयाजवळ राहत नाही. 'आषाढी वारी' या नावाचे फोल्डर प्रत्येक वर्षात असणे, ही अशा गावांसाठी प्रशासनाची स्मृती आहे.

शाळांनी काय करावे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा एकच संगणक असतो आणि तो मुख्याध्यापक, शिक्षक व विद्यार्थी असे सर्वच वापरतात. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, पोषण आहाराचा पत्रव्यवहार, दाखल्यांसंबंधीची पत्रे यांसाठी एक फोल्डर आणि पाठांच्या साहित्यासाठी दुसरे, अशी विभागणी करावी. शक्य तर विद्यार्थ्यांसाठी संगणकावर स्वतंत्र खाते उघडावे, म्हणजे खेळता खेळता कार्यालयीन फाइल पुसली जाण्याचा धोका टळतो.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडून पाठाशी संबंधित दृक्-श्राव्य साहित्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याचे त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. या संकेताचे तत्त्व आपल्या विषयाशी निगडित आहे. पुस्तकावरील तो काळापांढरा चौकोन म्हणजे साहित्याचा पत्ता होय. साहित्य स्वतः त्यात नसते. पत्त्यावरील साहित्य दुसरीकडे हलविले, तर मुलाने कितीही वेळा चौकोनापुढे मोबाइल धरला तरी काही दिसणार नाही. आपल्या संगणकातील फाइलीही मनाला येईल तशा हलविल्या, तर त्यांना दिलेले जुने दुवे असेच निकामी होतात. पत्ता एकदा विचारपूर्वक ठरवावा व मग तो पाळावा, हा धडा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली

सी ऐवजी डी ड्राइव्ह वापरला, तर प्रणाली नव्याने बसविताना फाइली वाचतात. परंतु बहुतेक संगणकांत हे दोन्ही भाग एकाच डिस्कवर असतात. डिस्कच बिघडली, चोरीस गेली किंवा पाण्यात गेली, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून ठरलेली जागा म्हणजे सुरक्षित प्रत, असा समज करून घेऊ नये.

सोलापूर जिल्ह्याला हा इशारा निसर्गाने दिला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ आदी तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना वेढले. एरवी अवर्षणाशी झुंजणाऱ्या या भागात पाण्यापासून दप्तर वाचविण्याची वेळ येईल, असे क्वचितच कोणाच्या मनात येत असेल. पुरानंतरच्या पंचनाम्यांत घर कोणाच्या नावे आहे, गोठा नोंदलेला आहे काय, हे पाहावे लागते. आणि पूरग्रस्ताच्या घरातील कागद वाहून गेलेले असल्याने ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नोंद हाच त्याचा आधार असतो.

मुख्य फोल्डर एकच असल्याचा खरा लाभ येथे दिसतो. फाइली दहा ठिकाणी विखुरलेल्या असतील, तर प्रत कशाची काढावी हेच कळत नाही. एकच फोल्डर असेल, तर दर आठवड्यास ते बाह्य हार्ड डिस्कवर उतरविण्यास काही मिनिटे पुरतात. ही डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नये. दुसऱ्या इमारतीत, शक्यतो उंचावरील जागी, कुलपात ठेवावी. कार्यालयाच्या अधिकृत खात्यावर इंटरनेटवरील साठ्याची सोय उपलब्ध असेल, तर तिसरी प्रत तेथे ठेवावी. आणि वर्षातून एक-दोनदा त्या प्रतीतील काही फाइली उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नव्हे.

कायद्याची अपेक्षा

दप्तर नीट ठेवणे हे कार्यालयाच्या मर्जीवर सोपविलेले काम नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील अभिलेखाला वैधानिक मान्यता दिली. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकातून निर्माण झालेल्या साहित्याचाही अभिलेखात समावेश आहे, आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये आपला स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमणिकेसह ठेवावयाचे आहेत. अर्जदाराला सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावयाची असते. फाइल शोधण्यातच त्यातील पंचवीस दिवस गेले, तर उरलेल्या पाचांत उत्तर काय लिहिणार?

जुन्या अभिलेखांचे मोल अलीकडेच सर्वांना जाणवले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा राज्यभरातील अभिलेख कक्षांतून मोडी लिपीतील दप्तरे काढून वाचली गेली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने बोरूने लिहिलेली ओळ आज एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते. तो कागद टिकला, कारण त्याला रुमाल होता, रुमालाला क्रमांक होता आणि क्रमांकाला फळीवर जागा होती. आज आपण टंकलिखित करीत असलेली ओळ उद्या कोणाला अशीच लागणार नाही, असे कोण सांगू शकेल?

पदभार देताना

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके व हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक, लिपिक यांच्या बदल्या होत राहणार. पदभार देताना रोकड, नोंदवह्या, शिक्के व किल्ल्या यांची यादी केली जाते. त्या यादीत यापुढे आणखी तीन ओळी असाव्यात: संगणकातील दप्तराचे मुख्य फोल्डर कोणते, त्याची दुसरी प्रत कोठे आहे आणि खात्यांचे परवलीचे शब्द सीलबंद पाकिटात कोणाकडे दिले. नवा अधिकारी पहिल्या दिवशी संगणक सुरू करील, तेव्हा त्याला मागील सर्व वर्षे एका ओळीत मांडलेली दिसावीत.

सरपंच व सदस्यांनाही यात भाग घेता येईल. तंत्राची माहिती नसली, तरी मासिक सभेत एक साधा प्रश्न विचारता येतो: 'मागच्या वर्षीच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचे इतिवृत्त संगणकावर उघडून दाखवा.' ते दोन मिनिटांत उघडले, तर व्यवस्था ठीक आहे. न उघडल्यास त्याच दिवशी डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर तयार करावे, आज्ञावलीला त्याचा पत्ता द्यावा आणि विखुरलेल्या फाइली वर्षवार लावण्याचे काम दररोज अर्धा तास याप्रमाणे सुरू करावे. यासाठी स्वतंत्र अनुदान लागत नाही, नवे यंत्र लागत नाही आणि कोणाच्या मंजुरीची वाटही पाहावी लागत नाही.